खेकडा कुठपर्यंत चालतो?

तांबडा_पांढरा
डिसेंबरात मी आणि माझा तालमीतला जोडीदार लक्षद्वीपला जाऊन आलो. प्रवासवर्णन लिहायचा विचार नाही. निळ्या पाण्याचे फोटो सगळ्यांनी बघितलेत. परवान्यासाठी पोलिसांचा दाखला आण, मग बेटावरच्या ओळखीच्या माणसाचा कागद आण, असे दीड महिना खेटे घातले, तेही सोडून देतो. हा धागा काढायचं कारण एक खेकडा आहे.

कवरत्तीत ज्यांच्या घरी उतरलो होतो तिथं दुसऱ्या दिवशी जेवायला टुणा मासा, नारळाच्या दुधातला खेकडा आणि अप्पल, म्हणजे ऑक्टोपस, असा बेत होता. मी तुटून पडलो. जोडीदारानं फक्त मासा घेतला. तो शिकलगार, पाच वक्त नमाजी. घरच्या उम्मांनी, म्हणजे आजीबाईंनी, लेकाकरवी विचारलं, "हा हिंदू आणि तू मुसलमान ना? मग हा खातोय नि तू का नाही?"

जोडीदार म्हणाला, "मुसलमान आहे म्हणूनच खात नाही."

आजी हसल्या. म्हणाल्या, "आम्ही मुसलमान आहोत म्हणूनच खातो."

पुढचा अर्धा तास त्या दोघांचं जे चाललं ते ऐकून मला पहिल्यांदा नीट कळलं की आपल्या कोल्हापुराकडचे बहुतेक मुसलमान हनफी आणि बेटावरचे झाडून सगळे शाफई. या इस्लामी कायद्याच्या दोन वेगळ्या शाखा. हनफींना पाण्यातला मासा तेवढा चालतो. खेकडा, कालवं, तिसऱ्या, ऑक्टोपस नाही. शाफईंना समुद्रातलं जवळपास सगळं चालतं. बत्तीस चौरस किलोमीटर जमीन आणि चहूकडं समुद्र असल्यावर दुसरं काय चालणार म्हणा!

संध्याकाळी ओहोटीला मी बघत बसलो होतो. एक बाई गुडघाभर पाण्यात खडकावरून चालत होती. हातात लोखंडी सळई. एका बिळापाशी थांबली, सळई आत घातली, हलकी फिरवली, आणि ऑक्टोपस तिच्या मनगटाला वेटोळं घालूनच बाहेर आला. शांतपणे सोडवला, दगडावर आपटला, पिशवीत टाकला. त्याच पिशवीतनं तिनं मला चार कवड्या काढून दाखवल्या. पिवळसर, चकचकीत. आपल्या गोंधळ्याच्या गळ्यात असतात तशाच. प्रवाळ उचलायला तिथं बंदी आहे, म्हणून कवडीलाही हात न लावता परतलो.

तर प्रश्न दोन. एक, हा शाफई-हनफी फरक नेमका कुठं सुरू होतो? दोन, आमच्या आज्जीच्या परडीतल्या कवड्या कुठनं आल्या? जाणकारांनी लिहावं. नाद_खुळा यांनी पण लिहावं, कारण ते लिहिणारच आहेत.

नाद_खुळा
पहिला नंबर आपला. भावा, खेकड्याचा फोटो टाक. बाकी इतिहास नंतर.

बंदरवाट
पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्या पोटात आहे. मी रत्नागिरीकडचा, कोकणी मुसलमान, नोकरीनिमित्त सात वर्षं कोल्हापुरात. आम्ही शाफई. तिसऱ्यांचं सुकं आणि खेकड्याचा रस्सा यांवर वाढलेलो. इथं ऑफिसातल्या एका बागवान मित्राला डब्यातल्या तिसऱ्या दिल्या तर तो "तौबा" म्हणून दोन खुर्च्या मागं सरकला. कोळंबीवर मात्र हनफींतच दोन मतं आहेत, त्यामुळे कोळंबी आली की तोच माझ्या डब्यात हात घालतो.

सांगायचं म्हणजे फरक घाटावर सुरू होतो. आंबा घाट, फोंडा घाट, गगनबावड्याचा करूळ घाट, कुठलाही उतरा. वर हनफी, खाली बहुतांश शाफई. घाटाखालीही दख्खनेतून आलेली हनफी घराणी आहेत, पण किनाऱ्यावरची जुनी वस्ती शाफईच. कोकण, भटकळ, मलबार, लक्षद्वीप, मालदीव, पलीकडं येमेन, पूर्व आफ्रिकेचा किनारा, इकडं इंडोनेशिया. नकाशावर रंग भरलात तर समुद्राची कडच रंगेल. जिथं धर्म गलबतातून आला तिथं शाफई, जिथं उत्तरेकडून खुष्कीच्या वाटेनं, तुर्क-अफगाणांबरोबर आला तिथं हनफी. ढोबळ आहे, पण आपल्या भागापुरतं चालतं.

आणखी एक सांगतो. कोल्हापुरात आलो तेव्हा असरची, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजाची, अजान मला नेहमी उशिरा वाटायची. आमच्याकडं वस्तूची सावली तिच्या उंचीइतकी लांब झाली की असरची वेळ होते. हनफींत ती दुप्पट व्हावी लागते. म्हणजे दुपारची उन्हं तीच, पण जवळजवळ तासाचा फरक. आणि पहिल्याच जुम्म्याला मी सवयीनं मोठ्यानं "आमीन" म्हटलं तेव्हा अख्खी रांग माझ्याकडं वळून बघायची तेवढी राहिली.

तांबडा_पांढरा
@बंदरवाट हे भारी आहे. म्हणजे कोल्हापूरहून गगनबावडा ५५ किलोमीटर, तिथून घाट उतरला की घड्याळ पण बदलतं नि ताट पण.

ताम्रपट
बंदरवाट यांनी नकाशा काढलाच आहे तर त्यात कोल्हापूरची खूण मी करतो.

अल-मसूदी हा बगदादचा प्रवासी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ. स. ९१६ च्या सुमारास, सैमूरला आला. सैमूर म्हणजे आपलं चौल. तिथं त्यानं दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहत असल्याचं लिहिलं आहे. काही सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले, काही इथंच जन्मलेले. इथं जन्मलेल्यांना तो 'बयासिरा' म्हणतो. त्यांचे आपसातले तंटे सोडवायला त्यांचाच एक मुखिया राजा नेमत असे, त्याला 'हुनरमन' म्हणत. आणि तिथला राजा कोण? झंझ. उत्तर कोकणच्या शिलाहारांपैकी. गझनीच्या महमूदाच्या स्वाऱ्यांना तेव्हा अजून शंभरेक वर्षं अवकाश होता, हे ध्यानात घ्या.

आता शिलाहारांच्या तीन शाखा. उत्तर कोकण, दक्षिण कोकण आणि कोल्हापूर. तिघेही स्वतःला तगरपुराचे म्हणवत, तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर. आपल्या शाखेचं बिरुद 'श्रीमन्महालक्ष्मीलब्धवरप्रसाद'. म्हणजे ज्या घराण्याची एक पाती अंबाबाईच्या वरप्रसादाची पदवी मिरवत होती, त्याच घराण्याच्या दुसऱ्या पातीच्या बंदरात त्याआधीपासून अरबी व्यापाऱ्यांची मोहल्लेच्या मोहल्ले भरलेली वस्ती होती.

याहून मजेदार म्हणजे चिंचणीचा ताम्रपट. शके ८४८, इ. स. ९२६. चिंचणी आज पालघर जिल्ह्यात. राष्ट्रकूट इंद्र तिसऱ्याच्या काळात संयान, म्हणजे संजाण, या भागावर एक ताजिक, म्हणजे अरब, अधिकारी होता. त्याचं नाव ताम्रपटात 'मधुमती सुगतिप' असं दिलंय. मधुमती म्हणजे मुहम्मद! कोरणाऱ्यानं कानाला लागलं तसं संस्कृत करून टाकलं. आणि दान कशाचं? भगवतीच्या मठिकेसाठी जमिनीचं. मुहम्मदाच्या संमतीनं देवीला जमीन, अक्षरं संस्कृत. दहाव्या शतकातला माणूस यात काही विचित्र आहे असं कुठंही म्हणत नाही. विचित्र आपल्याला वाटतं.

नाद_खुळा
मधुमती 😄 आमच्या गल्लीत एक मधुमती काकू आहेत, त्यांना सांगतो तुमचं नाव अरबी आहे म्हणून. उद्यापासून दारात भाजी मिळायची बंद.

राधानगरीकर
चांगलं चाललंय. जरा खडा टाकतो.

'धर्म गलबतातून आला, व्यापारानं आला' हे वाक्य ऐकायला गोड वाटतं म्हणून आपण ते फार सहज गिळतो. लक्षद्वीपचं उदाहरण घ्या. तिथली परंपरा सांगते की शेख उबैदुल्लाह हिजरी ४१ मध्ये, म्हणजे सातव्या शतकात, अरबस्तानातून निघाले, जहाज फुटलं, अमिनी बेटाला लागले, तिथं विरोध झाला, मग आंद्रोतला गेले. आंद्रोतला त्यांची कबर आहे आणि बेटावरचे लोक ती मानतात. मानू द्या. पण ही पुढच्या पिढ्यांनी जपलेली कथा आहे. त्या सनावर शिलालेख नाही. अभ्यासक बेटांचं धर्मांतर बरंच उशिराचं नि हळूहळू झालेलं धरतात. धाग्यावर कुणी 'सातव्या शतकापासून' असं ठोकून देण्याआधी सांगून ठेवतो.

दुसरं, व्यापार म्हणजे गोडीगुलाबी नव्हे. ही बेटं कन्नूरच्या अरक्कल घराण्याच्या ताब्यात होती. मुसलमान राजघराणं, मुसलमान प्रजा. पण काथ्याचा मक्ता घराण्याकडं. बेटावाल्यानं वळलेला काथ्या दुसऱ्याला विकायचा नाही, घराणं ठरवेल त्या भावानं तांदूळ घ्यायचा. अमिनीकडच्या लोकांना हे इतकं असह्य झालं की ते टिपूकडं गेले आणि ती बेटं म्हैसूरकडं गेली. १७९९ ला टिपू पडल्यावर कंपनीकडं. धर्म एक असल्यानं पोट भरत नाही.

आणि बेटं म्हटल्यावर जंजिरा पण आठवा. तिथले सिद्दी मूळचे आफ्रिकेतले. पाण्यातल्या किल्ल्यात आत पंचायतन पीर आहे, त्याचा उरूस भरतो, सगळ्या जातीधर्माचे लोक होडीतनं जातात. खरं आहे. पण त्याच किल्ल्यातून किनाऱ्यावरच्या गावांना किती त्रास झाला तेही आपल्या बखरींत आहे. दोन्ही लिहा.

तांबडा_पांढरा
@राधानगरीकर सनाचा मुद्दा मान्य. आजी पण "आमचे मोठे लोक सांगायचे" असंच म्हणाल्या. सन वगैरे त्यांना नको होता. उज्रा मशिदीचं कोरीव छत दाखवलं तेव्हाही, समुद्रातनं वाहून आलेल्या एका ओंडक्यातनं कोरलं अशी गोष्ट सांगितली. छत बघून खोटं म्हणायची छाती होत नाही, एवढंच.

पण मला चक्रावून टाकलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. घर आजींचं. त्यांच्यानंतर लेकीचं. लेक, नातवंडं, आजींचे भाऊ, सगळे त्या घराचे. त्याला तरवाड म्हणतात. जावई? तो त्याच्या आईच्या घरचा. जुनी रीत अशी की नवरा रात्री बायकोच्या घरी येतो नि सकाळी चहा पिऊन आपल्या आईच्या घरी जातो. आता पुष्कळ जण एकत्र राहतात, पण आजींनी ही रीत स्वतः जगली आहे. आणि हे सगळे कट्टर नमाजी लोक. शरियतमध्ये तर वारसा मुलगा-मुलगी दोघांना, बापाच्या बाजूनं. मग हे बसवलं कसं?

ताम्रपट
फार सुरेख बसवलंय. तिथं मिळकतीचे दोन प्रकार. तरवाडाची सामाईक मिळकत ती 'वेळ्ळियाळ्च', म्हणजे शुक्रवारची मिळकत. ती आईकडून मुलीकडं, वाटणी नाही, विकायची नाही. आणि माणसानं स्वतः कमावलेली ती 'तिंगळाळ्च', म्हणजे सोमवारची मिळकत. ती शरियतप्रमाणे वाटायची. गंमत बघा, जुम्म्याचं नाव त्यांनी शरियतच्या नव्हे, आईच्या मिळकतीला दिलं.

यावर कल्पेनी बेटाबद्दल १९६० च्या दशकात काम झालं ते लीला दुबे यांचं. मराठी घरातल्या बाई, गायिका सुमती मुटाटकरांच्या धाकट्या भगिनी. मातृवंश आणि इस्लाम एकमेकांशी कसं जमवून घेतात, कुठं अडतात, हे त्यांनी तपशिलात मांडलं. मराठीत त्यांच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही याचं मला जरा वाईटच वाटतं.

अरक्कल घराण्यातही हाच कायदा. घराण्यात वयानं मोठं जे कुणी असेल ते गादीवर. पुरुष असला तर अली राजा, बाई असली तर अरक्कल बीवी. राधानगरीकर म्हणाले तो काथ्याचा मक्ता एखाद्या बीवीच्या नावानंही चालला असेल!

खिडकीतली
मी या धाग्यावर फक्त वाचत होते. पण वर 'कट्टर नमाजी' आणि 'बसवलं कसं' वाचून राहवलं नाही. दादा, राग मानू नका, पण 'बसवलं' हा शब्द बाहेरून बघणाऱ्याचा आहे. आत राहणाऱ्याला ते आपोआपच बसलेलं असतं. आमचंच बघा ना.

आमचं घर गंगावेशीकडचं. मोहरम आला की घरात चोंगे. गुळाच्या पाण्यात कणीक मळायची, जाड पोळी लाटायची, लाकडी साच्यावर दाबून नक्षी उठवायची आणि तळायची. हात दुखून येतात. गल्लीतल्या पाटलांच्या, माळ्यांच्या घरांतून नवसाचे चोंगे येतात ते आमच्याहून जास्त. खत्तलरात्रीला, म्हणजे दहाव्या दिवसाच्या आदल्या रात्री, पंजे, म्हणजे पिरांची हाताच्या आकाराची निशाणं, निघतात, ताशा घुमतो, पंजांच्या भेटी होतात. पंजा धरणारा मुसलमानच असतो असं नाही. नवसाचा फकीर झालेला, गळ्यात हिरवा-लाल दोरा बांधलेला पोरगा बहुधा शेजारच्या गल्लीतल्या मराठ्याच्या घरचा. बाबूजमाल दर्ग्याच्या चौकटीवर गणपती आहे, तो तिथं कुणी 'बसवला' म्हणून आम्ही कधी विचार केला नाही. आत जाताना दिसतो, एवढंच.

२०१८ आणि २०१९ ला गणपती आणि मोहरम एकत्र आले होते. कितीतरी तालमींत एका मांडवात गणपती आणि पंजा. तेव्हा माझ्या मुलानं विचारलं, दरवर्षी का नाही येत? मग बसून हिशेब केला. आपलं हिजरी वर्ष ३५४-३५५ दिवसांचं, दरवर्षी दहा-अकरा दिवस मागं सरकतं. पंचांगाचे महिनेही चंद्राचेच, पण तिथं अधिक महिना घालून ते ऋतूंशी जुळवून घेतात. म्हणून गाठ पडली की दोन-तीन वर्षं लागोपाठ पडते, आणि मग साधारण ३२-३३ वर्षांनीच. अवचित पीर तालमीपाशी एक म्हातारे गृहस्थ तेव्हा म्हणाले होते, "मी दुसऱ्यांदा बघतोय, तिसऱ्यांदा काय बघणार नाही."

राधानगरीकर
@खिडकीतली चूक कबूल, 'बसवलं' आम्ही पण म्हणतो. चोंग्यांचा पत्ता द्या.

बंदरवाट
खिडकीतली ताई, छान लिहिलंत. एक फरक मात्र सांगतो. कोकणातल्या आमच्या गावात मोहरमचं असं काही नाही. पंजे, ताबूत हे दख्खनेचं, आदिलशाही-निजामशाहीच्या मुलखातलं. लक्षद्वीपलाही तसं नसणार.

तांबडा_पांढरा
नाही, पंजे नाहीत. तिथं रातीब असतो. रिफाई पंथाचा. मांडी घालून दोन रांगा समोरासमोर, हातात डफ, झिक्र, म्हणजे अल्लाहचं नामस्मरण, हळू सुरू होऊन चढत जातो. काही ठिकाणी आवेशात शस्त्र टोचून घेतात असं ऐकलं, आम्ही फक्त डफ ऐकला. जोडीदार आधी लांब उभा होता. "आपल्यात असलं नसतं" म्हणाला. दहा मिनिटांनी त्याची मान हलायला लागली. नंतर मला म्हणतो, "ताल आपल्या ताशाचाच हाय रं." तो ताल तोच होता की नाही ते जाणकारांनी ठरवावं, मला तरी वेगळा वाटला. पण मी काय बोललो नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं काय? कवड्या?

ताम्रपट
कवडीचा मोठा पुरवठा मालदीवचा. लक्षद्वीपच्या खालचा शेजारी. इब्न बतूता तिथं १३४३ च्या शेवटाला पोचला आणि काझी म्हणून राहिला. त्यानं लिहून ठेवलंय की कवडीतला जीव किनाऱ्यावर खड्ड्यात पुरून ठेवतात, मांस झडलं की पांढरं कवच उरतं. तेच त्यांचं नाणं. बंगालचे लोक तांदूळ देऊन कवड्या नेतात. भाव? एका सोन्याच्या दिनारला चार लाख कवड्या, कधी भाव पडला तर बारा लाख. आपला 'कवडीमोल' हा शब्द नुसता अलंकार नव्हे, असा बाजारभाव होता. पुढं डच नि इंग्रज जहाजं याच कवड्या युरोपमार्गे पश्चिम आफ्रिकेला नेऊन गुलाम विकत घेत, ही तिची काळी बाजू.

मालदीव मुसलमान झालं ११५३ मध्ये. त्याआधी बौद्ध. त्याचीही कथा आहे. दर महिन्याला समुद्रातून एक राक्षस येई, त्याला देवळात एक कुमारिका द्यावी लागे. मग अबुल बरकात नावाचा मगरिबी, म्हणजे मोरोक्कोकडचा, पाहुणा मुलीच्या जागी जाऊन रात्रभर कुराण म्हणत बसला आणि राक्षस परत फिरला. एकचक्रानगरीचा बकासुर आठवतो की नाही? काही जण मगरिबीऐवजी तबरीजच्या संताचं नाव घेतात. इब्न बतूतानं स्वतः मशिदीत लाकडावर कोरलेलं नाव वाचल्याचं लिहिलंय.

बंदरवाट यांच्यासाठी खास: मालदीव तेव्हा शाफई नव्हतं! बतूतासारखंच मालिकी, म्हणजे तिसऱ्याच शाखेचं, होतं. शाफई झालं ते पोर्तुगीजांना हाकलल्यावर, सोळाव्या शतकाच्या अखेरीस. म्हणजे तुमचा रंगीत नकाशा एका दिवसात रंगलेला नाही.

आणि हो, काझी म्हणून त्यानं तिथल्या बायकांना अंगभर कपडे घालायला लावायचा फार प्रयत्न केला. जमलं नाही, असं तोच लिहितो. बेटावरच्या बायकांपुढं मोरोक्कोचा काझी हरला.

राधानगरीकर
प्रत्येक कवडी मालदीवचीच म्हणू नका. लक्षद्वीपला मिळते, पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरही दुसऱ्या जातीची मिळते.

ताम्रपट
बरोबर, म्हणून 'मोठा पुरवठा' म्हटलं. पण आपल्याकडचा आराधी, भुत्या, गोंधळी, यल्लम्माचा जोगती ज्या कवड्या घालतो त्या इथल्या पंचगंगेत मिळत नाहीत एवढं नक्की. तुळजापूरच्या आईची खूण म्हणून जी माळ घराघरात जपली जाते, तिच्यातला मणी कधीतरी कुणा बेटावरच्या मुसलमान बाईनं गुडघाभर पाण्यात वाकून वेचलेला असणार.

नाद_खुळा
हे वाचून गपचूप देवघरात जाऊन आलो. आमच्या माळेत सत्तावीस कवड्या. दोन फुटक्या.

खिडकीतली
ताम्रपट सर, इब्न बतूता कोकणच्या किनाऱ्यानं गेला होता का? शाळेत फक्त दिल्लीचं शिकवलं.

ताम्रपट
गेला. आपल्याला जवळचं म्हणजे होन्नावर. तो हिनौर म्हणतो. तिथले लोक शाफई असल्याचं नोंदवतो. आणि ताई, हे तुमच्यासाठी: तिथल्या बायकांना कुराण तोंडपाठ होतं, मुलींच्या तेरा शाळा आणि मुलांच्या तेवीस शाळा बघितल्या, असं त्यानं लिहिलंय. चौदाव्या शतकात. माहीमला त्यानंतर काही वर्षांनी, १३७२ मध्ये, मखदूम अली माहिमी जन्मले. कोकणी मुसलमान, शाफई, कुराणावर अरबीत भाष्य लिहिणारे. माहीम तेव्हा बेट होतं. त्यांच्या उरुसात पहिला मान मुंबई पोलिसांचा असतो.

खिडकीतली
मुलींच्या तेरा शाळा. हे मी आमच्या वर्गात फळ्यावर लिहिणार आहे. शाहू महाराजांनी १९०६ ला मोहामेडन एज्युकेशन सोसायटी काढली नि बोर्डिंग सुरू केलं, माझे आजोबा तिथंच शिकले. आजीला मात्र शाळा मिळाली नव्हती.

तांबडा_पांढरा
धागा बराच लांबला. एक घडलं ते सांगतो.

रविवारी जोडीदाराच्या घरी जेवायला होतो. त्याला बंदरवाट यांचा नकाशा नि शिलाहारांचं सगळं वाचून दाखवलं. अम्मी भाकऱ्या थापत ऐकत होत्या. खारेपाटणचं नाव निघालं. ताम्रपट यांनी मला व्यनित, म्हणजे खासगी निरोपात, कळवलं होतं की रट्टराजाचा १००८ सालचा ताम्रपट खारेपाटणचा आहे आणि त्यात परदेशातून येणाऱ्या प्रत्येक गलबतामागं एक सोन्याचा गद्याण घ्यायचा असं दानपत्रात लिहिलंय. ते वाचलं तशा अम्मी म्हणाल्या, "खारेपाटण माझ्या आईचं माहेर की."

जोडीदाराला हे माहीतच नव्हतं! आजोळ वैभववाडीकडचं एवढंच ठाऊक. मी विचारलं, "मग अम्मी, लहानपणी खेकडा?"

त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. म्हणाल्या, "खेकडा काय, तिसऱ्या, कालवं, सगळं. नानीच्या हातचं. खाडीच्या चिखलात आम्ही पोरी तिसऱ्या शोधायला जायचो, पायाच्या बोटांनी कळायचं कुठं आहेत ते. लग्न करून करूळ घाट चढून आले तेव्हा सासूबाईंनी सांगितलं, इथं ते चालत नाही. सोडलं."

जोडीदार आ वासून बघतोय. म्हणाला, "अम्मी, चाळीस वर्षं बोलली नाहीस?"

"कुणी विचारलं नाही," म्हणाल्या, आणि त्याला पुढची भाकरी वाढली.

बंदरवाट
अम्मींना सलाम सांगा. पुढच्या आठवड्यात गावाला चाललोय. डबा आणतो. घाटाच्या अलीकडं उघडायचा की पलीकडं, ते त्यांना विचारून ठेवा.